प्रवाळ का मिटले?

उष्ण प्रदेशांतील उथळ समुद्राच्या तळाशी रंगीबेरंगी फुलांचे ताटवे असल्याचा भास होतो. परंतु ती फुले नव्हेत. ते प्रवाळ नावाचे प्राणी होत. काही प्रवाळांचा सांगाडा दगडासारखा कठीण असतो, तर काहींचे शरीर चामड्यासारखे लवचीक असते. या दुसऱ्या प्रकारास मृदू प्रवाळ म्हणतात. असा प्रवाळ म्हणजे अनेक चिमुकल्या जीवांची वसाहतच होय. त्यातील प्रत्येक जीवाला पॉलिप म्हणतात. पॉलिपच्या मुखाभोवती पिसांसारखे आठ संस्पर्शक असतात. ते पसरले म्हणजे प्रवाळ फुललेला दिसतो. आत ओढले गेले म्हणजे तो मिटतो.

हे प्रवाळ घरातील काचेच्या पेटीतही जगू शकतात. इंडोनेशियातील जाकार्ता शहरी राहणारे ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्राचे पाणी, सूक्ष्म जीवांनी भरलेले खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यांवरच त्यांची पेटी चाले. पुढे हा छंद अनेक देशांत पसरला. मात्र नव्या पेटीत ठेवलेला प्रवाळ पुष्कळदा काही दिवसांतच मिटतो व मान टाकतो. मालक घाबरून एकाच दिवशी पाणी बदलतो, दिवा बदलतो, औषधही ओततो; आणि या धांदलीतच तो मुका जीव दगावतो. वस्तुतः अशा वेळी प्रथम कारण शोधावयास हवे.

पहिला संशय पाण्याचा घ्यावा. माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न यांपासून अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. खडकांवर वाढणारे जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे पुष्कळच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू पुरेसे वाढण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. तत्पूर्वी प्रवाळ आणणे म्हणजे भिंतींचा गिलावा ओला असतानाच घरात राहावयास जाण्यासारखे आहे. पाण्याच्या नमुन्यात परीक्षक द्रवाचे थेंब टाकले, की रंगावरून अमोनियाचे प्रमाण कळते.

नंतर खारेपणा मोजावा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मिठागरात पाणी उडून जाते व मीठ मागे राहते. पेटीतही तसेच घडते. म्हणून कमी झालेले पाणी भरून काढताना खारे नव्हे, तर शुद्ध गोडे पाणी घालावे. तापमानही सुमारे २५ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर असावे.

पाणी निर्दोष आढळल्यास प्रकाशाकडे पाहावे. अनेक मृदू प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवले वस्तीला असतात. ती प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात व त्यातील वाटा यजमानाला देतात. एकाएकी प्रखर प्रकाश पडला, तर ही शैवले नाहीशी होऊ लागतात आणि प्रवाळ पांढुरका पडतो. यास्तव नव्या पाहुण्यास आरंभी मंद प्रकाशात ठेवावे व प्रकाश हळूहळू वाढवावा. पाण्याचा झोत एकसारखा अंगावर आदळत असेल, तरीही प्रवाळ मिटून राहतो. प्रवाह अगदीच मंद असेल, तर अंगावर गाळ साचतो. संस्पर्शक संथपणे डोलतील, इतकाच प्रवाह असावा.

कधी कधी मिटणे हा रोगच नसतो. चामडी प्रवाळ वेळोवेळी अंगावरील मेणचट पापुद्रा टाकतो. त्या काळात तो कित्येक दिवस मलूल दिसतो. पापुद्रा निघून गेला, की पुन्हा टवटवीत होतो. अशा वेळी औषध घालणे घातक ठरते. माशांच्या काही औषधांत तांबे असते आणि ते प्रवाळाला विषासमान आहे.

म्हणून जाणता मालक रोज पेटीचे निरीक्षण करून टिपण ठेवतो. तो एका वेळी एकच बदल करतो आणि त्याचा परिणाम दिसेपर्यंत थांबतो. दोन उपाय एकदम केले, तर गुण कशाने आला व अपाय कशाने झाला, हे कळतच नाही. समुद्रात लाटा, ऊन आणि असंख्य जीव मिळून प्रवाळाला सांभाळतात. काचेच्या पेटीत ते सर्व काम एकट्या माणसाला करावयाचे असते.