डाळिंबातली मोकळी जागा

लिथियमच्या एका अणूची सोय लावायला कार्बनचे सहा अणू लागतात. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये हेच चाललेलं असतं. फोन चार्जिंगला लावला की लिथियम एका टोकाकडून निघतं आणि दुसऱ्या टोकाला ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमध्ये जाऊन बसतं. फोन वापरायला घेतला की ते परतीला लागतं. चार्जिंगनंतर लिथियमचा मुक्काम जिथे असतो, ते टोक म्हणजे ॲनोड. १९९१ साली सोनीने पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तेव्हापासून हा मुक्काम बहुतेक कार्बनकडेच आहे. यजमान शांत, शिस्तीचा, घराची मोडतोड होऊ न देणारा. पण सहा जणांनी मिळून एक पाहुणा ठेवून घ्यायचा, म्हणजे घर तसं अडचणीचंच.

सिलिकॉनकडे या. तिथे एकच अणू जवळजवळ चार लिथियम ठेवून घेतो. नेमकं सांगायचं तर पावणेचार. वजनाच्या हिशेबाने एक ग्रॅम ग्रॅफाइटमध्ये ३७२ मिलिअँपिअर-तास एवढा विद्युतभार मावतो आणि एक ग्रॅम सिलिकॉनमध्ये सुमारे ३,६००. दहापटीला थोडंच कमी! बरं, पदार्थ दुर्मीळ आहे म्हणावं तर तेही नाही. पृथ्वीच्या कवचाचं पाव हिश्श्याहून जास्त वजन सिलिकॉनचंच आहे. वाळूत तोच, काचेत तोच. मग घोडं अडलं कुठे?

मे महिन्यात मराठवाड्यातल्या काळ्या रानातून चाललेल्या माणसाला हे सांगायला नको. ती माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मग पाय अडकावा एवढ्या भेगा पडतात आणि तिच्यावर बांधलेल्या घरांच्या भिंतीही तडकतात. सिलिकॉनचं तसंच. लिथियम पोटात घेतलं की त्याचं आकारमान जवळजवळ चौपट होतं. ग्रॅफाइट फुगतं ते जेमतेम एक दशांश. काळ्या रानावर हा प्रसंग वर्षातून एकदा येतो, बॅटरीत प्रत्येक चार्जिंगला. काही फेऱ्यांतच सिलिकॉनच्या कणाला तडे जातात, त्याचा भुगा होतो आणि वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पत्र्याशी तुकड्यांचा संबंध सुटतो. तुकडा बॅटरीत असतो, पण कामाचा राहत नाही.

दुखणं एवढ्यावर थांबत नाही. बॅटरीतल्या द्रवाचा ॲनोडशी संबंध आला की ॲनोडवर एक पातळ थर धरतो, तापवलेल्या दुधावर साय धरावी तसा. हा थर हवाच असतो, कारण त्याच्यामुळे पुढची झीज थांबते. पण कण तडकला की आतला कोरा पृष्ठभाग उघडा पडतो आणि तिथे नवी साय धरते. पुन्हा तडा, पुन्हा साय. साय येते दुधातूनच. इथे दुधाच्या जागी द्रव आणि लिथियम. ते दोन्ही आटत जातात आणि बॅटरी म्हातारी होते.

यातून वाट निघाली ती कण बारीक करण्याची. साधारण १५० नॅनोमीटरहून लहान कण फुगले तरी तडकत नाहीत, हे सूक्ष्मदर्शकाखाली चार्जिंग चालू ठेवून पाहिलं गेलं. त्याआधीच, २००८ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठात यी कुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या नॅनो-तारा उगवून दाखवल्या होत्या. तारेच्या आजूबाजूला मोकळीक असते. ती जाड होते, लांब होते, पण तुटत नाही. पण बारीक केलं की पृष्ठभाग वाढतो, आणि पृष्ठभाग वाढला की सायही वाढली. एक भोक बुजवावं तर दुसरं पडतं, असं हे काम.

आणि मग डाळिंब. २०१४ मध्ये याच गटाने मांडलेल्या रचनेला त्यांनी स्वतःच हे नाव दिलं. सोलापूरचं डाळिंब फोडून हातात घ्या: दाणे, दाण्यांमधले पातळ पडदे, आणि सगळ्यांवर मिळून एक साल. यांच्या डाळिंबात दाणा म्हणजे सिलिकॉनचा कण. असे हजारभर कण ओळीने लावले तर कुठे केसाची जाडी भरेल. प्रत्येक दाण्याला कार्बनची स्वतंत्र खोली, आणि खोलीत दाण्याला फुगता येईल एवढी रिकामी जागा. अशा कितीतरी खोल्यांवर मिळून बाहेरून कार्बनची एक साल. दाणे आतल्या आत फुगतात, आकसतात. साल जागची हलत नाही. साय धरते ती फक्त सालीवर, तीही एकदाच. हजार फेऱ्यांनंतर क्षमता ९७ टक्के उरली होती.

मला खरा अचंबा वाटतो तो ती रिकामी जागा केली कशी याचा. आधी प्रत्येक दाण्यावर सिलिकाचं, म्हणजे वाळूच्याच द्रव्याचं, कवच चढवलं. असे दाणे गोळा करून त्यांवर कार्बन चढवला. शेवटी हायड्रोफ्लोरिक आम्लाने मधलं सिलिका विरघळवून टाकलं. ओतारी मेणाची मूर्ती करून, माती थापून, मग मेण वितळवून काढतो तसंच हे. फरक एवढाच, की ओतारी त्या पोकळीत पितळ ओततो आणि इथे पोकळी हाच माल.

याच गटाने २०१३ मध्ये भाताच्या तुसापासूनही असं सिलिकॉन काढलं होतं. भाताचं रोप जमिनीत विरघळलेलं सिलिका मुळांनी शोषून तुसात साठवतं, आणि साठवतं तेही नॅनो आकाराच्या सच्छिद्र जाळीत. कोकणात तुसं जाळून त्यांच्या राखुंडीने दात घासत, तिचा खरखरीतपणा या सिलिकाचाच. त्यातला ऑक्सिजन मॅग्नेशियमने ओढून घेतला की सिलिकॉन उरतं, आणि जाळी बरीचशी तशीच राहते.

कारखान्यात आम्लाचा खेळ परवडत नाही. तिथे सच्छिद्र कार्बनच्या स्पंजात सिलेन वायू सोडतात; छिद्रांच्या आत सिलिकॉन जमतं आणि त्याला फुगायला जागा उरते. चीनमधल्या फोनमध्ये २०२३ पासून आणि पाठोपाठ आपल्याकडच्या फोनमध्येही आलेल्या सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्यांमागे हीच कल्पना. फोन पूर्वीइतकाच पातळ, पण ५,००० च्या जागी ६,०००, ७,००० मिलिअँपिअर-तास.

दहापट मात्र नाही. ॲनोड कितीही ऐसपैस केला तरी लिथियम यायचं समोरच्या टोकाकडून, आणि तिथली क्षमता आहे तेवढीच आहे. शिवाय नुसती पडून राहिली तरी सिलिकॉनची बॅटरी ग्रॅफाइटच्या बॅटरीपेक्षा लवकर थकते, आणि दहा-पंधरा वर्षं चालायला हवी अशा मोटारीसाठी ही खोड महागात पडणारी आहे. म्हणून फोन घेताना माहितीपत्रकात ‘सिलिकॉन-कार्बन’ हा शब्द दिसला तर हरखून जायला हरकत नाही, पण आतला ॲनोड अजून बहुतांशी ग्रॅफाइटचाच असतो. सिलिकॉनचा वाटा काही टक्क्यांचा.