जुने दप्तर, नवी आज्ञावली

संगणकास काम सांगणारी आज्ञावली आणि तिने सांभाळलेली माहिती या दोन निरनिराळ्या वस्तू होत. हिशेबनीस बदलला म्हणून पेढीचे येणे-देणे बदलत नाही. तद्वत् आज्ञावलीची नवी आवृत्ती आली, तरी माहिती तीच राहावयास हवी. परंतु नव्या आवृत्तीचे रकाने जुन्याहून वेगळे असतात. कोठे एका रकान्याचे तीन होतात, कोठे दोहोंचा एक होतो. जुन्या रकान्यांतील मजकूर नव्या रकान्यांत नेण्याच्या या कार्यास माहितीचे स्थलांतर म्हणतात. मोबाइलमध्ये ते घटकाभरात उरकते व कोणाच्या ध्यानातही येत नाही. मात्र ज्या माहितीवर एखाद्या कुटुंबाची जमीन अवलंबून असते, तेथे या कार्याची खरी कसोटी लागते.

गोंदिया जिल्ह्यातील जमिनीचे दप्तर हे याचे उत्तम उदाहरण होय. स्वातंत्र्यापूर्वी हा मुलूख मध्यप्रांत व वऱ्हाडातील भंडारा जिल्ह्यात मोडत असे. 1951 साली तेथील मालगुजारी संपली. 1956 साली भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला व 1960 साली महाराष्ट्रात. 15 ऑगस्ट 1967 पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली, आणि 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा निघाला. राज्ये बदलली, कायदे बदलले, पटवाऱ्याचा तलाठी झाला; धानाची बांधी मात्र जागची हलली नाही. नमुने बदलले की जुने दप्तर नव्या नमुन्यात उतरवून घ्यावे लागे, आणि ते काम लेखणीने होई. तेव्हा ही अडचण संगणकाने निर्माण केलेली नाही. फरक आहे तो वेगाचा. कारकुनाची चूक एका ओळीत होते. चुकीची आज्ञा मात्र आठही तालुक्यांतील प्रत्येक गावाच्या प्रत्येक ओळीत तीच चूक करते. शिवाय शंका आल्यास कारकून थांबून विचारतो. यंत्रास शंका येत नाही.

प्रथम अंकांचाच विचार करावा. समजा, जुन्या नोंदीत क्षेत्र 2.35 असे लिहिले आहे. विदर्भात एकराचे शंभर डिसमिल मानण्याची रीत असल्याने तेथे याचा अर्थ 2 एकर 35 डिसमिल, म्हणजे सुमारे 0.95 हेक्टर. पश्चिम महाराष्ट्रात एकराचे चाळीस गुंठे. तेथील मनुष्य हाच आकडा 2 एकर 35 गुंठे असा वाचील, म्हणजे सुमारे 1.16 हेक्टर. आणि दशमान पद्धतीवर वाढलेला तरुण तो 2 हेक्टर 35 आर असा वाचील. अंक तेच, पण शेत अडीचपट झाले! एकक कोणते हे जुन्या रकान्यात लिहिलेले नसते, कारण लिहिणाऱ्यास व वाचणाऱ्यास ते ठाऊकच असते. स्थलांतरात प्रथम हरवते ते हे न लिहिलेले ज्ञान.

नावांची तीच गत. विदर्भातील जुन्या नोंदींत ‘सखाराम वल्द गोविंदा’ अशी नावे आढळतात. येथे वल्द म्हणजे अमक्याचा पुत्र. नव्या नमुन्यात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असे तीन रकाने असतील आणि आज्ञावली मोकळी जागा पाहून शब्द तोडीत असेल, तर सखारामाचे वडील ‘वल्द’ ठरतील व गोविंदा हे त्याचे आडनाव होईल. पुढे वारसाची नोंद करताना हा पिता कोठून आणावयाचा?

याहूनही नाजूक गोष्ट कंसाची. हस्तलिखित सातबाऱ्यावर ज्या खातेदाराचा हक्क संपला, त्याचे नाव कंसात टाकण्याची पद्धत होती. तेथे कंस म्हणजे शोभा नव्हे, तो निकाल आहे. 2020 साली सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हा अशा नोंदी कंसाऐवजी आडव्या रेघेने दाखविण्याचे ठरले. आता, कंस हे नुसते चिन्ह समजून ते गाळले, तर मृत झालेला किंवा जमीन विकून गेलेला मनुष्य पुन्हा जमिनीचा धनी म्हणून उभा राहतो.

शेवटचे उदाहरण खुद्द जिल्ह्याच्या नावाचे. 1999 नंतर माहितीत जेथे जेथे ‘भंडारा’ आहे तेथे ‘गोंदिया’ करावे, ही आज्ञा सरळ वाटते. परंतु 1985 सालच्या फेरफारावर गोंदिया जिल्हा लिहिला, तर त्या वेळी अस्तित्वातच नसलेल्या जिल्ह्यात तो मंजूर झाला असे दिसेल. शेत आज कोठे आहे हे बदलावे. पूर्वी काय घडले ते बदलू नये. वर्तमानाचा रकाना आणि इतिहासाचा रकाना यांतील हा विवेक आज्ञावली लिहिणाऱ्यानेच करावयाचा असतो.

म्हणून जाणते कारागीर हे काम ठरावीक क्रमाने करतात. प्रथम जुन्या माहितीची संपूर्ण प्रत अलग ठेवावयाची व तिला हात लावावयाचा नाही. नंतर दुसऱ्या प्रतीवर रंगीत तालीम. माहिती कोणत्या आवृत्तीची आहे हा क्रमांक तिच्यातच नोंदलेला असतो. तो पाहून पहिलीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, अशा पायऱ्या क्रमाने चढावयाच्या. मध्येच वीज गेली तर अर्धे जुने, अर्धे नवे असे राहता कामा नये. एक तर पायरी पुरी व्हावी, नाही तर सर्व पूर्ववत व्हावे. शेवटी ताळा. जुन्या व नव्या नोंदींची संख्या सारखी आहे काय? सातबाऱ्यांवरील क्षेत्र मोजणी खात्याच्या आकारबंदाशी मिळते काय?

तथापि ताळा जुळला म्हणजे सत्य जुळले असे नव्हे. दोन भावांची क्षेत्रे परस्परांच्या नावे लागली, तरी गावाची बेरीज तीच राहते. अशी चूक ओळखू शकतो तो ते शेत कसणारा किंवा त्याचा शेजारी. याच कारणास्तव महाराष्ट्रात 2017 साली संगणकीकृत सातबाऱ्यांचे गावोगावी चावडी वाचन करण्यात आले. नोंदी लोकांसमोर वाचावयाच्या, हरकती घ्यावयाच्या व मूळ हस्तलिखिताशी ताडून दुरुस्ती करावयाची. अत्याधुनिक कामाची अखेरची तपासणी चावडीवर व्हावी, यात विसंगती काहीच नाही. माहितीचा अर्थ ज्यांना ठाऊक, तेच तिचे खरे परीक्षक.

पुढे 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. ही सोय मोठी आहे. पण तिचा अर्थ नीट समजून घ्यावा. उतारा सरकारी दप्तरातूनच आला व वाटेत कोणी फिरविला नाही, एवढी हमी ती स्वाक्षरी देते. दप्तरात उतरतानाच राहिलेली चूक ती शोधून काढीत नाही.

नागपूर, पुणे, मुंबई येथे स्थायिक झालेल्या कितीतरी कुटुंबांची वडिलोपार्जित शेती गावी असते, आणि चावडीवर वाचन झाले तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेक जण तेथे नव्हते. त्यांनी नवा उतारा काढून जुन्या हस्तलिखित उताऱ्याशी ताडून पाहावा. क्षेत्र व त्याचे एकक, प्रत्येक सहहिस्सेदाराचे नाव, कमी झालेली नावे, फेरफाराचे क्रमांक, ही एवढी पाहिली तरी पुरे. लेखनप्रमाद आढळल्यास महसूल संहितेच्या कलम 155 अन्वये तहसीलदाराकडे दुरुस्ती मागता येते. हक्काचाच वाद असेल तर मात्र त्या कलमाने भागत नाही. आणि नवा स्वच्छ कागद हाती आला म्हणून पेटीतील जुना पिवळा उतारा टाकून देऊ नये. नव्यात चूक निघाली, तर ती दाखवून देणारा साक्षीदार तोच असतो.