गाडी थांबते, मूल थांबत नाही

गेल्या पावसाळ्यात पाच वर्षांचा एक बालरुग्ण कपाळावर चार ताजे टाके घेऊन माझ्या इंदूरच्या दवाखान्यात आला. वडिलांच्या स्कूटरवर पुढे उभा होता; गाय आडवी आली, ब्रेक लागला. नंतर एक उलटी झाली, म्हणून आईवडील घाबरलेले. सुदैवाने तपासणीत काही गंभीर आढळले नाही. सदरा घालता घालता त्याने विचारले, "डॉक्टरकाका, गाडी थांबली, मग मी का नाही थांबलो?"

या प्रश्नाने विद्वानांनाही शतकानुशतके चकविले आहे. ढकलणारे बल संपले की वस्तू आपोआप थांबते, असे ॲरिस्टॉटलचे मत. बैलगाडी पाहणाऱ्याला ते पटावे असेच. गॅलिलिओने उतरत्या पन्हळीवरून गोळे सोडून वेगळा विचार केला आणि १६८७ साली न्यूटनने तो नियमात बांधला : वस्तू स्वतःहून थांबत नाही, तिला थांबवावे लागते. थांबविणारे बहुधा घर्षण. कॅरमवर बोरिक पावडर टाकली की सोंगटी दूरवर जाते, कारण अडविणारे हात कमी झालेले असतात.

स्कूटरला रस्ता टायरमार्फत अडवितो. मुलाला कोण अडविणार? तळव्यांखालचे घर्षण आणि चिमुकल्या मुठी, दोन्ही अपुरी. त्यातून बालकाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड. तोल पुढे जातो आणि कपाळ हँडलवर आदळते.

वेगाचा हिशेबही फसवा आहे. कोरड्या रस्त्यावर, उत्तम ब्रेक असता, ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. ६० ला सुमारे २० मीटर लागतात. वेग दीडपट, अंतर सव्वादोनपट! ओल्या रस्त्याची तर गोष्टच नको. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी सुरक्षापट्टा, हेल्मेट आणि कमाल ४० चा वेग, हा नियम २०२२ साली अधिसूचित झाला व २०२३ पासून लागू आहे. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट कायद्यानेच बंधनकारक आहे. रस्त्यावर मात्र वेगळेच दिसते.

"तुला अडवायला कुणी नव्हतं रे," मी त्याला म्हणालो. वडिलांनी मान खाली घातली. त्यांना चार शब्द सुनावण्याचा अधिकार मला नव्हता. वीस वर्षांपूर्वी माझी मुलगी माझ्याच स्कूटरवर अशीच उभी राहून शाळेत जात असे, आणि तेव्हाही मी बालरोगतज्ज्ञच होतो.

टाके काढल्यावर तो पुन्हा दाखवायला आला, तो निळे हेल्मेट घालूनच. कपाळ पाहायचे म्हटले तरी काढायला तयार होईना.