पाण्याचा हिशेब

तापानं फणफणलेलं लेकरू दवाखान्यात नेलं की आपण म्हणतो, ‘डॉक्टरसाहेब, एक सलाईन लावा, ताकद येईल.’ खरं तर एक लिटर सलाईनमध्ये पाणी आणि ९ ग्रॅम मीठ, एवढंच असतं.

जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या मुलाला हेच पाणी जीवदान देतं, यात शंका नाही. पण रक्तात जंतुदोष पसरला की गोष्ट बदलते. रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडाला रक्त कमी पडतं आणि लघवी आटते. रक्तवाहिन्याही पाझरू लागतात. अशा वेळी वरून ओतलेलं पाणी बाहेर पडत नाही. ते फुप्फुसात, पोटात साचतं, अंगावर सूज येते. त्या सुजेनं मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी अडतो. म्हणजे ज्याला वाचवायचं, तेच बुडू लागतं.

युगांडा, केनिया आणि टांझानियात ३ हजारांहून अधिक तापकरी, अत्यवस्थ मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना शिरेतून भराभर द्रव दिला, त्यांच्यापैकी ४८ तासांत शंभरामागे साधारण साडेदहा दगावली. ज्यांना तसा दिला नाही, त्यांच्यात सात. जुलाबानं सुकलेली मुलं या अभ्यासात नव्हती आणि तिथं अतिदक्षता विभागाच्या सोयीही नव्हत्या, हे ध्यानात ठेवायला हवं. तरीही जगभरचे डॉक्टर त्यानंतर हात राखून पाणी देऊ लागले.

माझा नातू अतिदक्षता विभागात होता, तेव्हा सिस्टर त्याचे ओले लंगोट तागडीत घालून वजन लिहीत. मला नवल वाटलं. त्या म्हणाल्या, ‘चाचा, एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर लघवी.’ दहा किलोच्या मुलाला तासाला साधारण दहा मिलिलिटर लघवी व्हावी. सहा-आठ तास ती निम्म्याहूनही कमी राहिली, तर मूत्रपिंड संकटात आहे असं समजतात. रक्ताच्या तपासणीत हा बिघाड पुष्कळदा उशिरा दिसतो. त्याच मुलाच्या अंगात एक लिटर पाणी जास्तीचं साचलं, तर वजनाच्या दहा टक्के झालं. त्यापुढे धोका वाढत जातो.

तेव्हा सलाईन लावा किंवा काढा, असा हट्ट धरू नका. लेकरानं शेवटची लघवी केव्हा केली, तेवढं मात्र डॉक्टरांना न विचारता सांगा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)