पुरानंतर भिंत वाळते कधी?

'मराठी विभागासाठी दोन पानं दे' असं संपादिका ताईने मेसमध्ये पकडून सांगितलं, तेव्हा मी आधी टाळलं. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी जुनं भांडण आहे. पण 'विषय काय घेशील?' म्हटल्यावर तोंडातून 'भिंत' निघून गेलं. सिव्हिलची मुलगी दुसरं काय बोलणार! शिवाय आमचं घर सांगलीत, गावभागात. दोन वर्षांच्या अंतराने दोनदा पाण्यात गेलेलं. पहिल्यांदा आम्ही सगळं चुकीचं केलं, दुसऱ्यांदा बऱ्यापैकी बरोबर. त्यातला फरक सांगते.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. मी नववीत होते. आम्ही मिरजेला आत्याकडे गेलो आणि घरात सहा फूट पाणी पाच दिवस बसून राहिलं. परत आलो तेव्हा फुगलेलं दार उघडेना. आत घोट्याच्या वर गाळ, आणि तो वास! ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको, बाकीच्यांना सांगून कळणार नाही.

पप्पांनी पहिलं काम केलं ते बोर्डाकडे हात नेण्याचं. शेजारच्या काकांनी ओरडून थांबवलं म्हणून बरं. बोर्ड वरून कोरडा दिसला तरी भिंतीतल्या वायरिंगच्या पाइपात पाणी भरलेलं असतं. मेन स्विच बंद, आणि वायरमनने मेगर लावून तपासल्याशिवाय एक दिवासुद्धा लावायचा नाही. यात 'बघू, चालतंय का' हा प्रकार नको.

दुसरी चूक आईची. फरशीवर ब्लीचिंग पावडर टाकली होती, त्यावरच तिने बाथरूमचं ॲसिड ओतलं, 'दुप्पट स्वच्छ होईल' म्हणून. बारावीपर्यंत केमिस्ट्री केलेल्यांना कळलं असेल, क्लोरीन वायू! आम्ही सगळे खोकत रस्त्यावर. ब्लीचिंग पावडर एकटीच वापरायची, खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून.

पण खरी मोठी चूक या दोन्ही नव्हत्या. त्यांनी पाच मिनिटं घाबरवलं, एवढंच. मोठी चूक दिवाळीत झाली. ऑक्टोबर आला, भिंती हाताला कोरड्या लागत होत्या, आणि घरात दिवा लागणार तर रंग नको का? रंगारी आला, पुट्टी भरली, वर प्लास्टिक पेंटचे दोन हात. घर नव्यासारखं झालं. जानेवारीत रंगाला फोड आले. फेब्रुवारीत पापुद्रे पडायला लागले, खाली पांढरा खार आणि कपाटामागे काळी बुरशी. आज्जीला आधीपासून दमा आहे. त्या थंडीत तिला रात्र रात्र बसून काढावी लागली, शेवटी तिला आत्याकडे ठेवलं. पन्नास वर्षांत स्वतःचं घर सोडून ती एवढे दिवस कुठे राहिली नव्हती.

मग एक म्हातारे गवंडीमामा आले. त्यांनी बोटाने एक पापुद्रा काढला आणि म्हणाले, "भितीला अजून घाम यायलाय, आन् तुम्ही तिला रेनकोट घातलाय."

हे वाक्य मला पूर्ण कळलं ते इथे आल्यावर, मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये. वीट आधी ओव्हनमध्ये कोरडी करून वजन करायचं, मग चोवीस तास पाण्यात बुडवून परत वजन. चांगल्या साध्या विटेनेही २० टक्क्यांपर्यंत पाणी प्यावं, अशी आपल्या आय. एस. कोडची मुभा आहे. आमच्या ग्रुपची तीन किलोची वीट जवळजवळ अर्धा किलो पाणी पिऊन बसली. मी तिथेच वहीत घरचा हिशोब मांडला. दहा फूट लांब, नऊ इंची भिंत, सहा फुटांपर्यंत भिजलेली. त्यात सहाशेच्या वर विटा. म्हणजे एका भिंतीत तीनशे लिटर पाणी, दीड पिंप! आणि आम्ही त्यावर पुट्टी भरली होती.

हे पाणी निघतं कसं? सुरुवातीला पृष्ठभाग ओला असतो, वारा लागला की भराभर वाळतो. मग वरचा थर कोरडा होतो आणि आपण फसतो. कारण आतलं पाणी अजून बारीक छिद्रांतून हळूहळू पुढे येत असतं, येताना विरघळलेले क्षार घेऊन. पृष्ठभागाशी पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात, तोच पांढरा खार. वर प्लास्टिक पेंट असेल तर वाट बंद, मग फोड. ढोबळ अंदाज असा, की एक इंच जाडी वाळायला एक महिना. नऊ इंची भिंत दोन्हीकडून वाळली तरी साडेचार महिने, तेही हवा कोरडी असेल तर. पावसाळ्यातले दिवस मी धरतच नाही. म्हणजे ऑक्टोबरपासून मोजलं तर फेब्रुवारी-मार्च. दिवाळी यात कुठेच बसत नाही!

जुलै २०२१ मध्ये पाणी परत आलं. आयर्विनला सुमारे ५५ फूट, घरात चार फूट, तीन दिवस. पाणी कमी होतं, त्यामुळे सगळं श्रेय आम्ही घेऊ नये. पण या वेळी पाणी उतरत असतानाच खराट्याने गाळ ढकलत राहिलो, त्याच पाण्याने भिंती धुतल्या. गाळ एकदा वाळला की पहारीशिवाय निघत नाही. त्याआधी भिंतीवरची पाण्याची खूण दिसेल असे मोबाईलवर फोटो काढले, पंचनाम्याला लागतात. कापसाच्या गाद्या आणि भुशाच्या बोर्डाचं टीव्ही युनिट सरळ टाकून दिलं. आईला जड गेलं, पण ते वाळत नाही, नुसतं कुजतं. सागवानी कपाट मात्र सावलीत वाळवलं. उन्हात ठेवलं असतं तर फळ्या वाकल्या असत्या. आज्जीच्या लग्नाचा अल्बम चिकटला होता. तो तसाच पिशवीत घालून आत्याच्या फ्रीजरमध्ये ठेवला आणि महिन्याने, सवड झाल्यावर, साध्या पाण्यात एकेक फोटो सोडवला. दोन गेले, बाकीचे आहेत.

भिंतींवर टिचकी मारून बघितलं. जिथे पोकळ आवाज आला तिथला गिलावा पाडला, बाकी ठेवला. सामान भिंतीपासून हातभर लांब. ऊन पडलं की खिडक्या उघड्या, पावसाची झड आली की बंद. खार आला की कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही. नाहीतर तो विरघळून परत आत जातो. दिवाळीला रंग नाही, फक्त चुना. चुन्यातून वाफ बाहेर जाते आणि बुरशीलाही तो मानवत नाही. पाहुणे काय म्हणतील याची आईला फार काळजी होती. पाहुण्यांच्याही भिंती तशाच होत्या, त्यामुळे कुणी काही म्हणालं नाही.

रंगाची वेळ ठरवायला एक फुकटची टेस्ट आहे. फूटभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. आतून थेंब दिसले तर भिंत ओली. (आपल्या होस्टेलच्या तळमजल्यावर, वॉशरूमला लागून असलेल्या भिंतीवर मी लावून बघितला. निकाल रेक्टर सरांना तोंडी सांगितला आहे.)

आमच्याकडे हा कागद डिसेंबरपासून दर रविवारी लागायचा, आणि आज्जी सोमवारी चहाच्या आधी चष्मा लावून थेंब मोजायची. मार्च २०२२ मध्ये एका सोमवारी तिने कागद काढला, आतून हात फिरवला आणि पप्पांना हाक मारली, "अरे, बोलव तुझ्या रंगाऱ्याला."