सातारचा ‘सुपर्बा’

सरडा म्हटले की आपल्याला रंग बदलणारी माणसेच आधी आठवतात. साताऱ्याजवळ, चाळकेवाडीच्या पठारावर मात्र एक सरडा रंगामुळेच ओळखू येतो. पावसाळ्यापूर्वी नर दगडावर चढून बसतो आणि गळ्याखालची घडी पंख्यासारखी उघडतो. निळा, काळा, केशरी! मादी बिचारी मातकट; तिच्याकडे असा पंखा नाही.

असे सरडे पूर्वी ‘सिटाना’ या एकाच प्रजातीत मोडत. क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १८२९मध्ये स्थापली. मागच्या पायाला चारच बोटे, ही तिची खूण. पण बोटे सारखी म्हणून नाते जवळचेच, असे नाही. व्ही. दीपक, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी शरीराची ठेवण तपासली, जनुके ताडून पाहिली आणि २०१६मध्ये काही सरडे वेगळ्या प्रजातीत काढले. तिचे नाव काय ठेवले? ‘सराडा’! आपलाच मराठी सरडा. चाळकेवाडीचा झाला ‘सराडा सुपर्बा’, म्हणजे देखणा. गंमत अशी, की मराठीतला हा पुल्लिंगी गडी लॅटिनमध्ये जाऊन स्त्रीलिंगी झाला.

याच पठारावर पवनचक्क्या आहेत. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की त्यांच्या आसपास शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आहेत. त्यामुळे सरडे वाढले. ते माणसालाही जवळ येऊ देतात. पण अंगाने रोडावलेत, आणि नरांच्या गळ्यावरचे रंग फिके पडलेत.