पोटमाळ्यावरची कॅसेट आणि आजीचा आवाज

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही पोटमाळा आवरायला काढला. जुन्या ट्रंकेच्या तळाशी, साडीच्या घडीत दोन छोट्या कॅसेट निघाल्या. तळहातावर मावतील एवढ्या. एकीवर मामांच्या अक्षरात ‘जयंती, १९९१’ असे लिहिलेले. दुसरीवर काहीच नाही. मामा तेव्हा आखातात कामाला होते. सुट्टीवर येताना त्यांनी आणलेला कॅमेरा साऱ्या वस्तीने हाताळून पाहिला होता.

घाई नडली. शेजाऱ्यांचा जुना व्हीसीआर आणला आणि बिननावाची कॅसेट न तपासता लावली. खर्रकन आवाज झाला, फीत गुंडाळली गेली आणि तुटली. ‘गेली’ म्हणून आम्ही ती कचऱ्यात टाकली. तुटलेली फीत जोडता येते, हे नंतर कळले. तिच्यात कोण होते हे सांगायला आज मामाही नाहीत.

वाचकहो, तुमच्या घरी असे होऊ नये म्हणून हे चार शब्द.

आधी कॅसेट ओळखा

छोट्या कॅसेट मुख्यतः तीन जातीच्या. पहिली ‘व्हीएचएस-सी’. जपानच्या जेव्हीसी कंपनीने ती १९८२ मध्ये आणली. तिच्यात मोठ्या कॅसेटचीच अर्धा इंच रुंद फीत असते. म्हणून अ‍ॅडॅप्टर नावाच्या मोठ्या खोक्यात बसवून ती साध्या व्हीसीआरवर लावता येते. बहुतेक अ‍ॅडॅप्टरला पेन्सिल सेल लागतो. तो नवा घाला. सेल मेलेला असला तर फीत अडकते.

दुसरी आठ मिलिमीटरची. ‘व्हिडिओ-८’ १९८० च्या दशकात आली, ‘हाय-८’ १९८९ मध्ये. ही व्हीसीआरवर चालवणारा अ‍ॅडॅप्टर नसतोच. कोणी विकायला आला तर पैसे घालवू नका. तिला त्याच जातीचा कॅमेरा लागतो. तिसरी ‘मिनी-डीव्ही’, १९९५ ची, आकाराने सर्वांत लहान. तिलाही तिचाच कॅमेरा हवा.

लावण्यापूर्वी

कॅसेटच्या खिडकीतून आत पाहा. फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी समजा. अशी कॅसेट लावू नका. फीत खराब होते आणि बुरशी यंत्राला लागून पुढच्या कॅसेटवरही जाते. ती जाणकाराकडून साफ करून घ्या. फीत तुटली असेल तर घरचा सेलोटेप लावू नका. त्याचा चिकटा यंत्राच्या हेडला लागतो. जोडण्यासाठी वेगळी पट्टी मिळते.

कॅसेटच्या कडेला एक लहान कळ असते. ती तोडली किंवा सरकवली की चुकून वरून दुसरे रेकॉर्डिंग होत नाही. मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवा. आणि आधी बिनमहत्त्वाची एखादी कॅसेट लावून यंत्राची परीक्षा घ्या. आम्ही नेमके तेच केले नाही.

प्रत करा, आजच करा

नवे व्हीसीआर आता मिळत नाहीत. हे यंत्र बनवणाऱ्या शेवटच्या कंपन्यांपैकी जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. आहेत ती यंत्रे जुनी होत चालली आहेत, आणि फीतही.

प्रत करणे अवघड नाही. यंत्राची पिवळी वायर चित्राची, पांढरी व लाल आवाजाची. त्या यूएसबी कॅप्चर नावाच्या छोट्या उपकरणाला जोडून चित्रण संगणकात घेता येते. अर्ध्या तासाच्या कॅसेटला अर्धा तासच लागतो. दुकानात करून घेणार असाल तर दर आधी विचारा आणि मूळ कॅसेट परत घ्या.

प्रती दोन घरी ठेवा, एकट्या मोबाईलवर विसंबू नका. मूळ कॅसेट टाकू नका. ती उभी, कोरड्या कपाटात ठेवा. पत्र्याखालच्या उष्णतेपासून आणि स्पीकरपासून दूर.

नावे लिहून घ्या

दुसरी कॅसेट आम्ही जाणकाराकडे दिली. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीची जयंती, निळे झेंडे, मिरवणूक, आणि मग आमची ओटी. तिथे आजी उभी होती. कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाली, “ते यंत्र ठेव बाजूला, आधी पोरांना जेवू दे.”

आईने तिच्या आईचा आवाज सत्तावीस वर्षांनी ऐकला. भिंतीवरच्या फोटोला आवाज नव्हता. आई काही बोलली नाही. तिने फक्त पुन्हा लावायला सांगितले.

त्या दिवशी आईजवळ बसून आम्ही चित्रातल्या एकेकाचे नाव वहीत लिहिले. अकरा जणांना आता आईशिवाय कोणीही ओळखत नव्हते. कष्टकऱ्यांच्या घरचे असे चित्रण दुसऱ्या कुणाकडे सापडणार नाही. ते आपल्याच ट्रंकेत आहे. घरात ओळखणारे माणूस आहे तोवर ती ट्रंक उघडा.